पोहोचण्याचा खर्च: तंजावरमधील गरिबांच्या प्रवासाचा इतिहास

प्रस्तावना

तंजावर म्हटले की मराठी विद्यार्थ्याला व्यंकोजीराजांची गादी, बृहदीश्वराचे मंदिर आणि सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. या टिपणात आपण त्याच तंजावरकडे एक वेगळा प्रश्न घेऊन जाणार आहोत. ज्याच्याकडे घोडा नव्हता, बैलगाडी नव्हती आणि पुढच्या काळात मोटारसायकलही नव्हती, तो माणूस या प्रदेशात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसा जात होता? आणि त्या जाण्याचा खर्च कोण उचलत होते?

येथे तंजावर म्हणजे केवळ शहर नव्हे. आजचे तंजावर, तिरुवारूर, नागपट्टणम आणि मयिलादुतुरै हे चार जिल्हे १९९१ पूर्वी एकच तंजावर जिल्हा होता. कावेरीच्या मुखाजवळचा हा सपाट, भातशेतीचा मुलूख. जमीन थोड्यांच्या हाती आणि राबणारे हात असंख्य, अशी इथली जुनी रचना. त्यामुळे वाहतुकीचा लाभ कोणाला मिळतो, हा प्रश्न इथे फार स्पष्ट दिसतो.

१. अभ्यासाचे साधन: प्रवासाचा पूर्ण खर्च

वाहतूक अभियांत्रिकीच्या वर्गात मी एक कल्पना पहिल्या आठवड्यातच शिकवतो, ती इतिहास वाचतानाही उपयोगी पडते. प्रवासाचा खर्च म्हणजे फक्त तिकिटाचे पैसे नव्हेत. त्यात पाच गोष्टी येतात: भाडे, गाडीत जाणारा वेळ, थांब्यापर्यंतची पायपीट, वाट पाहण्यात जाणारा वेळ, आणि वाटेतला त्रास किंवा धोका. नियोजन करताना वेळेचे रुपयांत रूपांतर करून या सगळ्याची बेरीज केली जाते.

या बेरजेत एक खोच आहे, ती लक्षात ठेवा. वेळेचे मोल बहुधा माणसाच्या कमाईवरून ठरवतात. समजा, एका अधिकाऱ्याचा तास २०० रुपयांचा धरला आणि शेतमजूर बाईचा ४० रुपयांचा. मग अधिकाऱ्याची १० मिनिटे वाचवणारा उड्डाणपूल आणि त्या बाईची ५० मिनिटे वाचवणारी बसफेरी, दोन्हींचा लाभ कागदावर सारखाच निघतो. प्रत्यक्षात मात्र लावणीच्या दिवसांत सकाळची बस चुकली तर त्या बाईचा तासभर वाया जात नाही, दिवसाची पूर्ण मजुरी बुडते. सूत्राला हे दिसत नाही.

आता ही पाच खात्यांची वही हातात घेऊन आपण तंजावरची दोनशे वर्षे चाळू. प्रत्येक काळात कोणते खाते हलके झाले आणि कोणते तसेच राहिले, एवढेच पाहायचे आहे.

२. छत्रे: पायी चालणाऱ्यांची व्यवस्था

रेल्वेच्या आधी सामान्य माणूस पायीच प्रवास करत असे. दक्षिणेकडे पायी जाणाऱ्यांचा सर्वांत मोठा ओघ रामेश्वरच्या यात्रेकरूंचा होता. तंजावरच्या भोसले राजांनी या वाटेवर छत्रे बांधली आणि त्यांच्या खर्चासाठी जमिनी व गावांचे उत्पन्न लावून दिले. तमिळमध्ये यांना ‘सत्तिरम’ म्हणतात. आपल्या ‘अन्नछत्र’ शब्दाचे आणि त्याचे मूळ एकच, संस्कृत ‘सत्र’.

अनेक छत्रांना राजघराण्याशी संबंधित स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र हे एक, आणि ओरत्तनाडुचे मुक्तांबाळ छत्र हे दुसरे. मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ मध्ये उभारले. नकाशा उघडून पाहा: तंजावरहून ओरत्तनाडु साधारण २०-२५ किलोमीटर, आणि तिथून पट्टुकोट्टैही जवळपास तेवढेच. ओझे घेतलेला माणूस दिवसभरात जेवढे चालेल, तेवढेच हे टप्पे आहेत.

या छत्रांत काय मिळत असे, याचे वर्णन सरफोजीराजांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना लिहिलेल्या पत्रात आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत आणि जोगी, जंगम, बैराग्यांपर्यंत सर्व वाटसरूंना तिथे अन्न दिले जाई. शिजवलेले अन्न न घेणाऱ्यांना शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल तर त्याला बोलावले जाई. आजारी वाटसरूला औषध आणि पथ्याचे जेवण, गरोदर बाईच्या बाळंतपणाची सोय, तान्ह्या मुलांना दूध, पोरक्या मुलांना शिक्षकाचा आधार, आणि वाटेत मरण आले तर त्या त्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी, असे सगळे त्यात नोंदलेले आहे.

हे पत्र वाचताना ते कोणी, कोणाला आणि का लिहिले, हेही विचारायला हवे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. छत्रांचे उत्पन्न सुरक्षित राहावे, ही राजाची गरज होती. म्हणून पत्रात छत्रांची उजळ बाजू आली असणार, हे गृहीत धरून ते वाचावे. शिवाय अन्न सर्वांना मिळत असले तरी जातीची शिवाशिव संपली नव्हती. शिधा वेगळा देण्याची सोय हीच त्याची खूण आहे.

तरीही आपल्या वहीच्या दृष्टीने छत्र ही मोठी गोष्ट होती. वेग वाढला नाही, पायपीट कमी झाली नाही, पण प्रवासातला धोका आणि मुक्कामाचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. आजारी पडलेला माणूस, बाळंतीण, म्हातारा हेही ‘प्रवासी’ आहेत असे धरून आखलेली ती व्यवस्था होती. एक मोठा वर्ग मात्र तिच्या बाहेर राहिला. जमीनदाराच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला शेतमजूर, ज्याला तमिळमध्ये ‘पण्णैयाळ’ म्हणतात, तो मुळात वाटसरू होऊच शकत नव्हता. छत्र चालवणारे धान्य त्याच्या श्रमातून येई, पण गाव सोडण्याची मुभा त्याला क्वचितच असे.

३. आगगाडी: वेग आला, जागा नाही

१८५८ मध्ये इंग्लंडमध्ये ‘ग्रेट सदर्न ऑफ इंडिया रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली. सरकारने भांडवलावर व्याजाची हमी दिलेली होती. नागपट्टणम बंदरापासून सुरू झालेला तिचा मार्ग १८६१ मध्ये तंजावरला आणि १८६२ मध्ये तिरुचिरापल्लीला पोहोचला. रुळांची दिशाच हेतू सांगते. हा मार्ग बंदराला आतल्या मुलखाशी जोडत होता. शेतमजुराच्या गावाला बाजाराशी किंवा दवाखान्याशी जोडणे हे त्याचे उद्दिष्ट नव्हते.

सुरुवातीच्या रेल्वे कंपन्यांना गरीब भारतीय तिकीट काढून प्रवास करतील याची खात्री नव्हती. घडले उलटेच. भारतभर तिसऱ्या वर्गाचे प्रवासी इतर सर्व वर्गांच्या मिळून कितीतरी पट झाले आणि प्रवासी उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यांच्याकडून येऊ लागला. पण सोयी त्या प्रमाणात आल्या नाहीत. महात्मा गांधींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक पुस्तिका लिहिली. त्यांचा हिशेब सरळ होता: पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त आहे, पण तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश सोडा, एक दशांश सोयही मिळत नाही. म्हणजे ज्यांच्या पैशावर गाडी चालते, त्यांच्यावरच सर्वांत कमी खर्च होतो.

तंजावरच्या पण्णैयाळांसाठी रेल्वेचा आणखी एक अर्थ होता. नागपट्टणमहून पेनांगकडे आगबोटी जात. रेल्वेने बंदर गाठायचे आणि तिथून मलायाच्या मळ्यांवर जायचे, अशी वाट खुली झाली. गावच्या बंधनातून ती सुटका होती, पण अनेकांसाठी पुढे करारबद्ध मजुरीचे दुसरे बंधन होते. मलायातली करारबद्ध भरती १९१० मध्ये थांबली, पण कंगाणी म्हणजे मुकादमामार्फत होणारी भरती पुढेही चालू राहिली. स्वस्त प्रवासाचा लाभ मजुराला झाला की स्वस्त मजूर हव्या असणाऱ्या मळेवाल्याला, याचे उत्तर एका बाजूने देता येत नाही.

४. जिल्हा बोर्डाची रेल्वे: लोकांच्या उपकरातून

आता या इतिहासातला एक कमी माहीत असलेला भाग पाहू. कंपनीची रेल्वे जिथे गेली नाही तिथे तंजावरच्या जिल्हा बोर्डाने स्वतः रेल्वे बांधली. जमिनीच्या आकारणीवर रुपयामागे ३ पै इतका खास रेल्वे उपकर बसवला गेला. तेव्हा रुपयाच्या १९२ पै होत, म्हणजे हा उपकर साधारण दीड टक्का झाला. त्या निधीच्या आधारे मायावरम (आजचे मयिलादुतुरै) ते मुत्तुपेट्टै हा मीटरगेज मार्ग १८९४ मध्ये सुरू झाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तो अरंतांगीपर्यंत वाढवण्यात आला. गाड्या चालवण्याचे काम साउथ इंडियन रेल्वेकडे होते.

स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या करदात्यांच्या पैशातून रेल्वे बांधावी, ही त्या काळी विलक्षण गोष्ट होती. आपल्या वहीत हिचे महत्त्व दोन खात्यांत आहे. एक, स्थानक जवळ आल्याने समुद्रकाठच्या तालुक्यांतली पायपीट घटली. दुसरे, रेल्वे कोठे जावी हा निर्णय काही अंशी लंडनहून जिल्ह्यात आला. अर्थात त्या बोर्डावर जमीनमालकांचा वरचष्मा होता. त्यामुळे ‘लोकांची रेल्वे’ म्हणताना ‘कोणत्या लोकांची’ हे विचारावेच लागते.

५. बस: चढण्याचा हक्क

बस रेल्वेपेक्षा लवचीक. ती गावाच्या वेशीपर्यंत येते, म्हणून पायपीट आणखी घटते. पण मद्रास इलाख्यात बस आल्यावर एक प्रश्न उघडा पडला, जो आपल्या सूत्रात कुठेच नाही: पैसे असूनही बसमध्ये चढू दिले नाही तर? अनेक खासगी बसवाले दलित प्रवाशांना घेत नसत. तंजावरच्या दक्षिणेला असलेल्या रामनाथपुरम जिल्ह्यात, जस्टिस पक्षाचे डब्ल्यू. पी. ए. सौंदरपांडियन जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष असताना, १९३० च्या सुमारास, अशा बसवाल्यांचे परवाने रद्द करण्याची तंबी देण्यात आली. परवाना देणारी संस्था भेदभावाला आळा घालू शकते, हा धडा तिथे मिळाला.

तंजावरमध्ये मजुरांची बंधने सैल व्हायला बराच काळ गेला. १९५२ मध्ये तंजावरची कुळे आणि पण्णैयाळ यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तरी १९६८ मध्ये याच जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजुरीच्या संघर्षातून ४४ दलितांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती, जाळून मारण्यात आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९७२ मध्ये, कुंभकोणम येथे सरकारी ‘चोळन रोडवेज’ महामंडळ सुरू झाले. दोन्ही घटनांचा थेट संबंध नाही. पण गावातला रस्ता कोणाचा हा वाद चालू असलेल्या मुलखात सरकारी बस येणे, म्हणजे जिच्यात कोणाच्याही शेजारी बसता येते अशी गाडी येणे, हे नुसते वाहतुकीचे काम नव्हते.

हा वाद संपला असे समजू नका. १९९७ मध्ये विरुदुनगर भागातल्या एका नव्या परिवहन महामंडळाला वीरन सुंदरलिंगम या दलित योद्ध्याचे नाव देण्यात आले, तेव्हा त्या नावाच्या बसमध्ये बसायला काही जातींनी नकार दिला आणि हिंसाचार झाला. शेवटी राज्य सरकारने सर्वच परिवहन महामंडळांची आणि जिल्ह्यांची नेत्यांच्या नावांवरून ठेवलेली नावे काढून टाकली. ‘चोळन’ हे नावही त्यातच गेले. आज तंजावरमध्ये दिसणाऱ्या सरकारी बस ‘तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळ’ या नावाने चालतात. त्या साध्या नावामागे हा इतिहास आहे.

६. सायकल आणि शून्य रुपयांचे तिकीट

१९९० च्या दशकाच्या आरंभी तंजावरशेजारच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात ‘अरिवोळि इयक्कम’ ही साक्षरता मोहीम चालली. तिचा भाग म्हणून ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकवण्यात आली आणि हजारो स्त्रिया सायकल चालवू लागल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिल्याने ही गोष्ट देशभर पोहोचली. सायकलीने वाट पाहण्याचे खाते पूर्ण पुसले. पाणी आणणे, मुलाला शाळेत सोडणे, माल विकायला नेणे, यासाठी नवऱ्याची किंवा बसची वाट पाहावी लागेना.

पुढचे मोठे पाऊल ८ मे २०२१ चे. त्या दिवसापासून तमिळनाडूत सरकारी साध्या नगर बसगाड्यांत स्त्रियांचा प्रवास मोफत झाला. तिथली ‘टाउन बस’ शहरातच फिरत नाही, ती आसपासच्या खेड्यांपर्यंत जाते. म्हणून शेतमजूर, भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या बाया यांना याचा थेट उपयोग झाला. राज्य नियोजन आयोगाने नागपट्टणम, मदुरै आणि तिरुप्पूर या जिल्ह्यांत केलेल्या पाहणीत प्रत्येक स्त्रीची महिन्याला सरासरी ८८८ रुपये बचत दिसली. यातला नागपट्टणम हा जुन्या तंजावर जिल्ह्याचाच तुकडा आहे.

भाड्याचे खाते शून्यावर आले. मग उरले काय? वाट पाहणे आणि पायपीट. थांब्यावर फक्त स्त्रियाच दिसल्या तर बस न थांबवता पुढे नेली जाते, अशा तक्रारी योजना सुरू झाल्यावर वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. जिथे बस जातच नाही तिथल्या बाईला मोफत तिकिटाचा उपयोग शून्य. ही उणीव भरण्यासाठी १९९७ मध्ये खासगी मिनी बसची योजना आली होती. तिचीच सुधारित आवृत्ती जून २०२५ मध्ये तंजावरहून सुरू करण्यात आली.

७. रूळ रुंद झाले, गाडी कोणासाठी?

जिल्हा बोर्डाच्या त्या रेल्वेचे पुढे काय झाले? तिरुवारूर, मुत्तुपेट्टै, पट्टुकोट्टै, अरंतांगी, कारैक्कुडी हा मार्ग मीटरगेजवरून ब्रॉडगेज करण्यासाठी टप्प्याटप्प्याने बंद झाला. २०१२ च्या सुमारास बंद पडलेले भाग २०१९ मध्ये पूर्णपणे जोडले गेले. म्हणजे पहिलीत गेलेले मूल आठवीत पोहोचेपर्यंत तिथे गाडी नव्हती.

सुरू झाल्यावरही अडचण होती. मार्गावरच्या अनेक फाटकांवर रखवालदार नेमलेले नव्हते. म्हणून गाडीबरोबरच फिरते कर्मचारी ठेवले. गाडी फाटकाआधी थांबायची, एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे जायची, दुसरा फाटक उघडून पुन्हा चढायचा. सुमारे १५० किलोमीटरच्या मार्गावर हे पुन्हापुन्हा. अभियंत्याच्या दृष्टीने रूळ उत्तम होते. पण रोज कामाला जाणाऱ्याला रूळ किती रुंद आहे याने फरक पडत नाही. गाडी दिवसात किती वेळा येते आणि किती वेळात पोहोचवते, यावर त्याची रोजी ठरते. बांधकामाला पैसा मिळाला, पगारी माणसांना मिळाला नाही, ही आपल्या देशातल्या सार्वजनिक सेवांची जुनी कथा येथेही दिसते.

८. दूरचे एक उदाहरण

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात बसने जाणाऱ्यांत लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांतील, कष्टकरी लोक मोठ्या संख्येने होते. १९९४ मध्ये तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने बसचे भाडे वाढवायचे ठरवले आणि त्याच वेळी महागड्या रेल्वेमार्गांवर पैसा ओतला जात होता. बसप्रवाशांची संघटना न्यायालयात गेली. दावा असा की, सार्वजनिक पैशाची ही वाटणी वांशिक भेदभाव करणारी आहे. १९९६ मध्ये दहा वर्षांसाठी तडजोडीचा हुकूमनामा झाला. त्यानुसार भाडेवाढीवर मर्यादा आली, गर्दीची कमाल पातळी ठरली आणि नव्या बस घ्याव्या लागल्या.

गांधींनी तिसऱ्या वर्गाबद्दल मांडलेला हिशेब आणि लॉस एंजेलिसच्या प्रवाशांनी मांडलेला हिशेब शेजारी ठेवून वाचा. गर्दीत उभे राहून जाणाऱ्याच्या वाट्याचा पैसा दुसऱ्याच्या सोयीकडे जातो, ही दोन्हींतली तक्रार एकच आहे. फरक एवढाच, की दुसऱ्या ठिकाणी तो हिशेब न्यायालयापुढे मांडला गेला आणि गर्दी किती असावी हे आकड्यात बांधले गेले.

समारोप

तंजावरच्या दोनशे वर्षांत प्रत्येक सुधारणेने प्रवासाच्या खर्चाचे एखादे खाते हलके केले. छत्राने मुक्काम आणि आजारपण सांभाळले. रेल्वेने वेळ वाचवला. जिल्हा बोर्डाने स्थानक जवळ आणले. सरकारी बसने शेजारी बसण्याचा हक्क दिला, सायकलीने वाट पाहणे संपवले आणि २०२१ च्या योजनेने भाडे. पण जे खाते उरले ते नेहमी सर्वांत गरिबाच्याच नावावर राहिले. म्हणून कोणत्याही नव्या प्रकल्पाचे वर्णन ऐकाल तेव्हा किती किलोमीटर, किती कोटी याबरोबर हेही विचारा: यात कोणाचे थांबणे कमी झाले?

तुमच्यापैकी काही जण उद्या रस्ते, पूल, मेट्रो आखणार आहात. सूत्रातल्या ‘वेळेचे मोल’ या रकान्यात आकडा भरण्याचे काम तुमच्याकडे येईल. तो आकडा भरताना पहाटे थांब्यावर उभी असलेली शेतमजूर बाई त्या बेरजेत कोठे आहे, हे पाहून मगच भरा.

विचारासाठी प्रश्न

१. सरफोजीराजांच्या १८०१ च्या पत्राचा ऐतिहासिक पुरावा म्हणून उपयोग करताना कोणती सावधगिरी बाळगाल? त्यातील कोणती माहिती तुम्हाला अधिक विश्वासार्ह वाटते, आणि का?

२. कंपनीची रेल्वे आणि जिल्हा बोर्डाची रेल्वे यांच्यात निर्णय, भांडवल आणि लाभ या तीन मुद्द्यांवर तुलना करा.

३. वेळेचे मोल कमाईवरून न ठरवता सर्वांसाठी सारखे धरले, तर तुमच्या शहरातील कोणत्या प्रकल्पांचा क्रम बदलेल?

४. तुमच्या महाविद्यालयाच्या सर्वांत जवळच्या बसथांब्यावर सकाळी एक तास उभे राहून नोंद करा: किती बस आल्या, किती थांबल्या, किती माणसे किती वेळ उभी होती. या टिपणातील पाच खात्यांत त्या नोंदी मांडा.